धुवारीत कोणाला हाक मारायची

त्या सकाळचा क्रम मला अजून नीट लावता येत नाही. एरवी क्रम लावणं हेच माझं काम. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून पोटापाण्याला लागले तेव्हापासून आधी काय, मग काय, कोणी करायचं आणि झालं की नाही हे कोणी बघायचं, हे मी कागदावर मांडत आले. घरातही तेच. लग्नाचं सामान असो की दवाखान्यात न्यायची पिशवी, माझ्याकडे यादी तयार असते आणि माझी मुलं त्यावरून हसतात. पण नदीवरची ती सकाळ लिहायला बसले की कागद खाडाखोडीने भरतो. आधी आमचा डबा वाजला की आधी मोठेबाबांची हाक आली? बाबांचा डबा मागे वाजत होता की मधेच थांबला होता? ज्यांना विचारावं त्यांच्यातले काही गेले, आणि जे आहेत ते प्रत्येक जण वेगळं सांगतात. म्हणून आता क्रमाचा नाद सोडून जसं आठवतं तसं लिहिते.

आमचं घर वैनगंगेच्या काठावर, गडचिरोलीच्या बाजूला. पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्याचा. आता मधे पूल आहे, आणि एसटी तो ओलांडते तेव्हा खिडकीतला माणूस मोबाइलमधून मान वर काढेपर्यंत नदी संपलेली असते. तेव्हा मधे आमचे दोन डोंगे होते. एक बाबांचा, एक मोठेबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. डोंगा म्हणजे कोरून पोकळ केलेलं झाडाचं खोड. अशी दोन खोडं शेजारी-शेजारी ठेवून वर फळ्या ठोकलेल्या असत आणि त्या फळ्यांवर माणसं, सायकली, शेळ्या, भाजीच्या टोपल्या. सगळं पाण्यापासून वीतभर वर. समोरून दुसरा डोंगा येऊन आदळला तर फळ्या उखडतात, खोडं एकमेकांपासून सुटतात आणि वर बसलेलं सगळं नदीत जातं. हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. विस्तवात हात घालू नये हे जसं कळतं तसं ते कळलेलं होतं.

मोठेबाबा हंगामात रात्री पलीकडच्या काठावर खोपटात झोपत, कारण पहिले उतारू तिकडून येत. थंडीच्या दिवसांत नाटकं पाहून रात्रभर जागलेली माणसं सकाळी परत निघायची, तीही तिकडूनच. ती पहिली खेप घेऊन मोठेबाबा आमच्या घाटाला लागत आणि मग घरी येऊन जेवत. घर एकच, चूल एकच. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, जाळी दुरुस्त करी, मासे साफ करी आणि हे करता करता घरभर बोलत राही. रांधणं माझ्या आईकडे. लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसली की तो वास उतारावरून खाली घाटापर्यंत जाई. तव्यावर सुके झिंगे भाजले जात, पाट्यावर जवसाची चटणी वाटली जाई, आणि डोंग्याची चाहूल लागली की मी उतारावर उभी राहून ओरडायची, "मोठेबाबा होऽ, जेवाले या!" हे माझं रोजचं काम होतं. नदीवरून फक्त "हाव!" यायचं. तेवढ्यावरून आई भात वाढायला घेई.

आई मोठेबाबांशी बोलत नसे. भांडण नव्हतं. ते जेठ आणि ती लहान भावाची बायको. त्यांच्यासमोर पदर कपाळाखाली, तोंडातून आवाज नाही, आणि त्यांचं नाव तर मनातसुद्धा घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं मोठी आई सांगायची, आणि आमच्या घरात मोठ्या आईने सांगितलेलं कोणी तपासून पाहत नसे. माझी थोरली बहीण सरला जन्मायच्या आधीपासून आई त्या घरात होती. सरलाचं लग्न होऊन गेलं तरी ह्या दोघांचं एक वाक्य थेट झालेलं नव्हतं. जे काय असेल ते माझ्यामार्फत. दोघांमध्ये अंतर फार तर हातभर.

"निमा, सांग तुह्या मायले, डाळीत मीठ नाई," मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे.

आई माझ्या कानाशी यायची. "सांग त्याईले, मीठ सरलं. दुकान बंद होतं."

"मोठेबाबा, मीठ सरलं. दुकान बंद होतं."

"मंग सांग, शेजारून आनाचं होतं."

"आयकलं तिनं," बाबा मधेच म्हणायचे. "बहिरी नाई ते. पोरीले टपाल बनवून राह्यले तुमी दोघं."

"तू गप जेव, वारलू," मोठी आई दटावायची. "रीत आहे ते."

मला ह्यात काही विचित्र वाटत नसे. मजा वाटायची, आणि थोडी मोठेपणाची भावना. कारण मी घरात नसले की त्या दोघांचा सगळा व्यवहार ठप्प व्हायचा.

पूस महिन्यात नदीवर धुवारी पडायची. धुवारी म्हणजे धुकंच. पण धुकं म्हटलं की मला डोंगरावरून उतरणारं काहीतरी वाटतं. आमची धुवारी पाण्यातून वर उठायची. आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी, आणि मग डोंग्याच्या मागच्या टोकावर उभ्या माणसाला पुढचं टोक दिसेनासं व्हायचं. आवाजही ती उलटसुलट करून टाकायची. पलीकडच्या काठावर खोकणारं माणूस शेजारी बसल्यासारखं वाटायचं, आणि शेजारी बसलेल्याचं बोलणं लांबून आल्यासारखं.

अशा वेळी डोंगा डोंग्यावर जाऊ नये म्हणून रीत ठरलेली होती. ती कोणी ठरवली ते बाबांनाही माहीत नव्हतं. घाटावर एक जण रॉकेलचा रिकामा डबा काठीने वाजवत बसायचा, न बोलता, सारखा. येणारा डोंगा त्या आवाजावर चालायचा. डोंग्यातही डबा असायचा, पण डोंग्याचा डबा कधी नुसता वाजायचा नाही. डबा वाजवायचा आणि डोंगा रेटायचा बांबू धरणाऱ्याने लगेच समोरच्या डोंगेवाल्याला नावाने हाक द्यायची. बाबा ओरडायचे, "डोमाऽ!" मोठेबाबा ओरडायचे, "वारलूऽ!" समोरून ओ आली की दोघांना एकमेकांचा पत्ता लागायचा. डब्यामागे त्या दोघांपैकी एकाचा आवाज आला तर तो डोंगा, नाही आला तर तो घाट. उतारू काय वाटेल ते ओरडोत, ते धरायचं नाही. घाटावर खोळंबलेली माणसं तर दिवसभर डोंगेवाल्याच्या नावाने ओरडतच असतात.

नदीच्या मधे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला रेतीचं बेट होतं. त्यांच्यामधून जायला एकच वाट, एका डोंग्यापुरती, तिला आम्ही सांद म्हणायचो. पलीकडून येणाऱ्याला पाणी मागून ढकलायचं, त्याला थांबणं अवघड. म्हणून तो आधी. आमच्या बाजूने जाणाऱ्याने सांदीच्या तोंडाशी बांबू रोवून उभं राहायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. दोन भावांचे दोन डोंगे, दोन आवाज. रीत चोख चालत होती. तिसरं कोणी कधी डोंगा हाकेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या सकाळी बाबा हिवतापाने गोधडीत कुडकुडत होते. दिवस बाजाराचा. शिवाय सरला यायची होती, पहिल्या बाळंतपणाला. तिच्या सासरच्यांनी आदल्या संध्याकाळी तिला पलीकडच्या काठावर पोहोचवलं होतं आणि नदीजवळच्या ओळखीच्या घरी ती झोपली होती. सकाळी मोठेबाबांच्या पहिल्या खेपेत ती येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या आईने तिच्या अंथरुणाला ऊन दाखवून ठेवलं होतं, आणि आई सारखी दारात जाऊन नदीकडे पाहत होती. नदी दिसत नव्हती.

तेवढ्यात कौसल्याबाई आली. ही आमच्या घाटाची रोजची उतारू. वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घेऊन पलीकडे सावली गावच्या बाजाराला जायची. आवाज असा की घाटावरून बोलली तर अर्ध्या नदीला ऐकू जाई. तिच्यामागे आणखी टोपल्यावाल्या बाया.

"काऊन रे वारलू, बाजार उठल्यावर नेशीन का आमाले?"

"बाई, मले उभं राहवत नाई," बाबा गोधडीतून म्हणाले.

"मंग वांगे काय मी तुह्या उशाले ठेवू?"

आई आतून आली आणि भिंतीला टेकवलेला बांबू तिने उचलला. "मी नेतो डोंगा," ती म्हणाली.

बाबांनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं. "धुवारीत? तू?"

"माहेरी कोन नेत होतं? मीच नं?" आई नदीकाठचीच. लग्नाआधी तिने बापाचा डोंगा हाकलेला होता, पण ते मला तेव्हा कळलं. मला वाटतं तिला बाजाराचं काही नव्हतं. दारात उभं राहून सरलाची वाट पाहणं तिला जमत नव्हतं, एवढंच. सांदीपाशी तरी लेकीचा डोंगा जवळून गेलेला दिसला असता.

"सांदीपाशी थांबजो," बाबा म्हणाले. "भाऊचा डोंगा जाऊ देजो, मंग निंगजो. मी घाटावर डबा धरतो." आणि ते गोधडीसकट घाटावर येऊन बसले. हाकेबद्दल ते काही बोलले नाहीत. आई काही बोलली नाही. मोठी आई तर बोलणाऱ्यातली, पण ती सरलाची खाट झाडत होती.

पाणी उपसायला मला पुढे बसवलं होतं. घाट सुटला आणि लगेच नाहीसा झाला. मागे बाबांचा डबा वाजत होता. काही वेळाने तो उजवीकडे वाजायला लागला, आणि मला वाटलं आपण वळलो. आईला विचारलं तर ती म्हणाली, "सरळ चाललो. पानी पाह्य, आवाज नको पाहू." टोपल्यावाल्या बाया कुजबुजत होत्या. खडकाचा काळा ओला कडा एकदम बाजूला आला तेव्हा कळलं की सांद आली. आईने बांबू खाली रोवला, त्यावर छाती टेकून डोंगा धरला, आणि मोकळ्या हाताने डबा वाजवायला लागली. नुसता डबा.

समोरून, किंवा डावीकडून, दुसरा डबा वाजला. आणि मोठेबाबांचा आवाज. "वारलूऽ!"

आई डबा वाजवत राहिली.

"वारलूऽ!"

"आई, हाक मार नं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले आणि मिटले. "तू मार," ती कुजबुजली. मोठेबाबा अजून कुठे दिसतही नव्हते, तरी कुजबुजली.

मला तेवढंच हवं होतं. मी उभी राहिले आणि जीव खाऊन ओरडले, "मोठेबाबा होऽ!"

"हाव!" लगेच उत्तर आलं. खुशीतलं, भुकेलेलं, रोजचं. आणि त्यांच्या बांबूचा आवाज जलद झाला.

असं का झालं हे कळायला मला त्या वेळी काही मार्ग नव्हता. आता शांतपणे बसलं की कळतं. त्यांनी वारलूला हाक दिली होती, ओ आली नव्हती, म्हणजे समोर डोंगा नव्हता. डबा नुसता वाजत होता, म्हणजे तो घाट होता. आणि माझा आवाज तर रोज सकाळी घाटाच्या उतारावरूनच यायचा. त्यांना वाटलं धुवारीत आपल्याला कळलंच नाही, सांद केव्हाच मागे पडली. घाटाला लागताना डोंग्याचं तोंड रेतीवर चढावं म्हणून शेवटी जोर लावायचा असतो. तो जोर ते आता लावत होते, आमच्यावर.

पाणी कापत येणारा आवाज मोठा व्हायला लागला तशी कौसल्याबाई टोपली सोडून उभी राहिली. "डोमाऽ! अरे ए डोमा, आमी इथीच हावो!"

"हाव बाई!" धुवारीतून मोठेबाबा ओरडले. "येऊनच तं राह्यलो! बाजार काई पळून नाई जात!"

"अरे मुडद्या!" कौसल्याबाई किंचाळली, आणि मग सगळ्याच बाया एकदम ओरडायला लागल्या. कोणी थांब म्हणत होती, कोणी देवाचं नाव घेत होती, एक जण नुसती रडत होती. मीही ओरडत होते. काय ते आठवत नाही. एवढं आठवतं की आम्ही जितकं ओरडत होतो तितका तो आवाज जोरात आमच्याकडे येत होता, आणि मला कळत नव्हतं की आपल्याच माणसाला आपलं ऐकू येतंय तरी तो थांबत का नाही. त्या डोंग्यावर सरला आहे, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी गप्प झाले. मी मागे पाहिलं. आईच्या हातातला डबा थांबला होता.

मग तो आवाज आला. "डोमाऽ!"

तो आईचा आहे हे मला पहिल्यांदा कळलंच नाही. घरात तिचा आवाज डाळ ढवळताना पळी जितका करते तेवढाच असायचा. हा जाड, फाटलेला, एखाद्या अनोळखी बाईचा आवाज होता, आणि त्यात ना भाऊ, ना जी, काही नाही. नुसतं नाव. आमच्या डोंग्यावरच्या सगळ्या बाया गप्प झाल्या. भीतीने की त्या नावाने, सांगता येत नाही.

समोर बांबू रेतीत घुसल्याचा कर्रकन आवाज झाला. कोणीतरी पडलं, एक सायकल आपटली, घंटी वाजली. पाणी थोडा वेळ स्वतःशीच खळखळलं. आणि मग धुवारीतून त्यांच्या डोंग्याचं टोक बाहेर आलं, तिरकं, हळूहळू, आणि आमच्या डोंग्याला टेकलं. भांड्याला भांडं लागावं तेवढंच. मोठेबाबा वाकलेल्या बांबूवर सगळं अंग टाकून उभे होते. फळ्यांवर नाटकाहून परतणारी माणसं एकमेकांवर कलंडली होती आणि त्यांच्यामधे घोंगडीत गुंडाळलेली सरला डोळे चोळत होती.

"आला का घाट?" ती म्हणाली. सरला आजही शपथेवर सांगते की ती झोपली नव्हती.

मोठेबाबांना अजून आम्ही नीट दिसत नव्हतो. "कोन बाई हाय वो?" त्यांनी विचारलं. "कोनाचा डोंगा हाय हा?"

आईने एका हाताने बांबू धरून ठेवला आणि दुसऱ्याने पदर खाली ओढला.

"तुह्याच घरची हाय," कौसल्याबाई म्हणाली. "वारलू तापानं पडला. आता डोळे फाडून काय पाह्यतं, निंग पुढं, बाजार खरंच उठन आता!"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. "निमा, कोन ओरडलं?"

"आई."

त्यांनी बांबू काढला आणि त्यांचा डोंगा आमच्या बाजूने इतका जवळून गेला की सरलाने हात लांब करून आईच्या हाताला स्पर्श केला. त्यानंतर आईने आम्हाला पलीकडे नेलं, बायांना उतरवलं, परतीचे उतारू घेतले आणि परत आणलं. काम अर्धवट टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. ते मी तिच्याकडूनच घेतलं असावं.

घरी आल्यावर काय झालं तेही मला सरळ सांगता येत नाही. बाबा आणि मोठेबाबा डब्यावरून भांडत होते. बाबा म्हणत होते मी एकदाही हात थांबवला नाही. मोठेबाबा म्हणत होते मला एकच डबा ऐकू आला, आणि तो समोर होता. मोठी आई सरलाचे पाय चोळत रडत होती आणि मधेमधे आईला बोलत होती. "माह्या नवऱ्याचं नाव घेतलं नं तू! आता त्याले काई झालं तं?" आई चुलीपुढे बसून मान खाली घालून ऐकत होती. मग मोठी आई उठून तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "कशी मारली वो हाक? सांग नं. मले तं लग्नापासून आजवर तोंडातून काढता नाई आलं ते नाव." आई हसली की रडली, मला दिसलं नाही. पदर होता.

मोठेबाबा भिंतीकडे तोंड करून जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "घाटावरचे सारे आवाज मले ठाऊक आहेत. तो आवाज घाटावरचा नोहता. म्हनून बांबू रोवला." एवढंच. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. कितीतरी वर्षांनी, वसतिगृहात मुलींची हजेरी घेता घेता, मी मधेच थांबले होते. इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलेल्या माणसाला तिचा आवाज माहीत नव्हता, आणि माहीत नव्हता म्हणूनच आम्ही सगळे वाचलो. ह्यात बरं काय आणि वाईट काय, कोणत्या बाजूला काय लिहायचं, हे मला आजही ठरवता येत नाही.

एकदा मुलींची सहल घेऊन मुंबईला गेले होते. बंदरावर एका अधिकाऱ्याने आम्हाला समजावून सांगितलं की धुक्यात मोठी जहाजं वेग कमी करतात, ठरावीक वेळाने भोंगा देतात, एका वेळी किती भोंगे वाजले त्यावरून जहाज चालतंय की थांबलंय ते कळतं, आणि पुढून भोंगा आला पण कुठून ते कळलं नाही तर पुढे रेटायचं नाही, थांबून ऐकायचं. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मी हात वर केला आणि विचारलं, समोरच्याला आवाज द्यायचीच एखाद्याला मनाई असेल तर? ते गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "ऐसा नहीं होता, मॅडम." मी मान हलवली.

मोठेबाबांना काही झालं नाही. पण ते नंतरचे दिवस आईने कसे काढले ते मी पाहिलं आहे. ते शिंकले तरी ती हातातलं काम सोडून उभी राहायची. ते ताटावरून लवकर उठले तर स्वतः जेवायची नाही. त्यांना थोडा खोकला झाला तेव्हा तिने माझ्यामार्फत अडुळशाचा काढा इतक्या वेळा पाठवला की ते वैतागले. "सांग तुह्या मायले, मी मरून नाई राह्यलो," ते म्हणाले. आणि मग, तसंच भिंतीकडे पाहत, "आनखी सांग. वारलूच्या अंगात अजून जोर नाई. उद्या धुवारी पडन. डोंगा तिनंच काढावा. पन डब्यामांगं आवाज पाह्यजे."

आई माझ्या कानाशी आली. "सांग त्याईले, आवाज काय द्याचा?"

मी सांगितलं. मोठेबाबा बराच वेळ बोट ताटात फिरवत राहिले. "जो तवा देल्ला तोच," ते म्हणाले.

सगळ्यांनी मोठ्या आईकडे पाहिलं. तिने विणत असलेल्या जाळ्याची गाठ दाताने ओढून घट्ट केली. "पान्यावर काय म्हनाचं ते म्हना," ती म्हणाली. "माह्या उंबऱ्याच्या आत नाई."

दुसऱ्या दिवशी खरंच धुवारी पडली. बाबा घाटावर डबा घेऊन बसले. त्याच बाया, त्याच टोपल्या. सांदीच्या तोंडाशी आईने बांबू रोवला, पदर कमरेला खोचला, डबा वाजवला, आणि डोळे मिटून हाक दिली. ह्या वेळी हाक लहान होती, पण होती. पलीकडून ओ आली. मग त्यांचा डबा वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. रीतीप्रमाणे आता त्यांनी हाक द्यायची होती आणि वारलूला हाक देऊन उपयोग नव्हता, वारलू घाटावर होता. हा भाग रात्री कोणाच्याच लक्षात आला नव्हता. धुवारीत ते दोनदा खाकरले.

"अनसूयाऽ!"

आमच्या घरात तिला आई म्हणत, सरलाची माय म्हणत, बाबा तर "आयकलं का" एवढंच म्हणत. आईने मागे वळून टोपल्यांमध्ये बसलेल्या बायांकडे पाहिलं, एकेकीच्या तोंडाकडे, त्यांच्यात कोणी त्या नावाची बाई बसली आहे की काय म्हणून.

"मांगं काय पाह्यतं वो?" कौसल्याबाई म्हणाली. "तुलेच बलावून राह्यला तो. ओ दे लवकर, नाई तं बुडवशीन आमाले."

आई पाण्याकडे वळली.

"ओऽ," ती म्हणाली.